दिवाळी ते पाडवा: हिरवळीआधीची जमीन

मंडळी, गेल्या अंकात कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिहिलं होतं. त्यानंतर मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक भेटीत एक प्रश्न ठरलेला: "कुंड्या झाल्या, आता हौशात लॉन कसं करायचं ते लिहा." गावाकडच्या वाचकांसाठी सांगते, हौश म्हणजे इथल्या घराभोवतीचं, उंच भिंतीच्या आतलं अंगण. कुणाला ते घरी हवंय, तर कुणी दोघातिघांत मिळून घेतलेल्या इस्तिराहात, म्हणजे सुट्टीच्या दिवशी जमायच्या शेतघरात. मुलांनी फरशीवर नाही, मातीत पडावं, एवढीच सगळ्यांची हौस.

मात्र बहुतेकांचे प्रश्न गवताबद्दल असतात. कोणतं आणू, कुठून आणू, किती रियालला? माझं म्हणणं असं, की गवत शेवटी. लॉन किती पाणी पिणार हे गवत लावायच्या आधीच, ट्रॅक्टर फिरतो त्या दिवशी ठरतं. आणि बुरैदात पाणी हा शेवटचा प्रश्न असू शकत नाही.

ज्या कसीम प्रांतात आपण राहतो, तिथे वर्षाकाठी पाऊस दीडशे मिलिमीटरच्या आत. तरीही १९८० च्या दशकात इथे विमानातून हिरव्या गोल चकत्या दिसाव्यात असा गहू पिकला. सरकार चढा भाव देई, खोल विहिरींवर फिरते फवारे चालत. १९९२ च्या सुमारास देशाचं गव्हाचं उत्पादन चाळीस लाख टनांच्या घरात गेलं होतं आणि सौदी गहू परदेशी जात होता. हे सारं जमिनीखालच्या वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वी साठलेल्या पाण्यावर. ते पुन्हा भरून येत नाही म्हटल्यावर २००८ साली सरकारने स्थानिक गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये ती थांबवली. पुढे ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. जिथे देशाला गव्हाचा हात आखडावा लागला, तिथे आपण हौसेच्या गवताला पाणी घालणार आहोत. तेव्हा हिशेब हवाच.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. ऐन उन्हाळ्यात इथल्या लॉनला दिवसाला साधारण आठ ते दहा मिलिमीटर लागतं. म्हणजे शंभर चौरस मीटरला रोज आठशे ते हजार लिटर! त्यात आपली वाळू अशी, की वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये जेमतेम एका दिवसाची शिदोरी मावते. बाकीचं मुळांखाली निघून जातं. ही शिदोरी वाढवायची एकच संधी असते: गवत लागण्याआधी वाळूत कुजलेलं खत मिसळण्याची.

म्हणून माझा सल्ला: जमीन दिवाळीला धरा, गवत पाडव्याला लावा. इथे लॉनला बहुधा बर्म्युडा जातीचं गवत वापरतात. ती म्हणजे आपली हरळीच. जी काढता काढता गावाकडे आजोबांची पाठ मोडली, तीच इथे पैसे देऊन आणायची, हे ऐकून माझ्या सासरी सगळे पोट धरून हसले होते. पण ही हरळी उन्हाची लेक. थंडीत ती पिवळी पडून झोपते. आत्ता लावली तर मूळ धरायच्या आतच थंडी गाठते. जमिनीला मात्र हे चार-पाच महिने सोन्यासारखे. थोडं पाणी दिलं की दडलेलं तण उगवतं, ते उपटता येतं. हिवाळ्यातला एखादा पाऊस कुठे खोलगट आहे ते फुकटात दाखवून देतो.

ट्रॅक्टर यायच्या आधीचं काम कागद-पेन्सिलचं. हौशाच्या जमिनीखाली पाण्याची टाकी असते, बयारा म्हणजे मैल्याचा खड्डा असतो, विजेच्या तारा आणि नळ असतात. घरमालकाला विचारून सगळ्याचा नकाशा काढा आणि जागेवर चुन्याने खुणा करा. टाकीच्या किंवा बयाऱ्याच्या झाकणावर ट्रॅक्टरचं चाक कधीही जाता कामा नये. तेवढा पट्टा फावड्यानेच करायचा.

नाशिकच्या द्राक्षबागांत ओळींतून फिरतो तसला वीस-पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर पुरतो. फाटकातून आत येतो, आणि जड नसल्यामुळे जमीन कमी दबते. त्यामागे रोटाव्हेटर. आधी खडे-डबर वेचून जागा मोकळी करा. मग आदल्या दिवशी पाणी देऊन जमीन वाफशावर आणा. वाफसा हा शब्द आपल्या मुलांना जरूर शिकवा: चिखलही नाही, धूळही नाही, अशी मधली अवस्था. काळ्या रानात त्यासाठी दिवसच्या दिवस थांबावं लागतं, इथल्या वाळूत तो काही तासांत येतो आणि जातो. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, की वाफसा. कोरड्या वाळूत रोटाव्हेटर घातला तर नुसता धुरळा उडतो, शेजारणीच्या गच्चीवरच्या कपड्यांसकट.

पहिली पाळी उथळ, आठ-दहा सेंटिमीटरची. मग चांगलं कुजलेलं शेणखत तीन सेंटिमीटर जाडीने पसरायचं. शंभर चौरस मीटरला ते तीन घनमीटर होतं. कच्चं खत नको, त्यातून तणाचं बी येतं. दुसरी पाळी आडवी, पंधरा सेंटिमीटर खोल. गिअर सर्वांत खालचा, वेग माणसाच्या सावकाश चालीएवढा. वळताना रोटाव्हेटर आधी उचलायचा, मगच स्टिअरिंग. दोनच पाळ्या पुरेत. जास्त घुसळलं की मातीचं पीठ होतं.

खरी कसोटी सपाटीकरणाची. मागे पाटा किंवा जड लोखंडी चौकट बांधून उभं-आडवं ओढायचं. घरापासून दूर, दर दहा मीटरला दहा ते वीस सेंटिमीटर एवढा हलका उतार ठेवायचा. उंचवटा राहिला तर तिथलं गवत तहानतं, आणि त्या एका तुकड्यासाठी आपण अख्ख्या लॉनला जास्त पाणी देतो. खोलगट राहिलं तर तिथे पाणी साचून उडतं आणि पांढरा क्षार मागे उरतो. लावणीआधी चालून पाहा: पाऊल सेंटिमीटरभराहून जास्त रुतलं तर अजून दाबायला हवं.

आता जरा बाईंच्या आवाजात सांगते. गावी काका पुतण्याला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवतो, आपण फोटो काढतो. इथे ते चालणार नाही. ट्रॅक्टरला सीट एक, माणूस एक. मुलं भिंतीच्या पलीकडे. रोटाव्हेटरला फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं, अबायाचं किंवा थोबचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. उतरण्याआधी दांडा बंद, इंजिन बंद, सगळं थांबल्याची खात्री. डोक्यावरची संरक्षक कमान उभी आणि पट्टा बांधलेला. वाळूत चाक रुतलं तर चाकापुढे फळी अडकवून जोर लावू नका. चाक जागीच राहतं आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. वाळू काढून उलट्या गिअरने बाहेर या. ट्रॅक्टर भाड्याने चालकासकट घेतला असेल तर त्या भाऊसाहेबांना चहा द्या, घाई करू नका आणि "शुवय्या शुवय्या" एवढं अरबी मोकळेपणाने वापरा.

राहता राहिला आकार. शंभराऐवजी चाळीस चौरस मीटर करा, उरलेल्या जागेत खडी, एखादं खजुराचं झाड, तुळस. दोन पोरांना कोलांट्या मारायला चाळीस भरपूर होतात. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी फायनल एक्झिट लागणार आहे. कपाटं विकता येतात, गाडी विकता येते, हिरवळ तिथेच राहते. पुढचं कुटुंब केरळचं असेल, इजिप्तचं असेल. त्यांना पाण्याचं बिल पाहून ती वाळवावी लागू नये, एवढीच हिरवळ करा. पण तिच्याखालची जमीन मात्र पूर्ण पंधरा सेंटिमीटर करा.

दिवाळीच्या शुभेच्छा. पाडव्याला कुणाची जमीन कशी झाली ते जरूर कळवा.