*खाजकुयली सरसकट जाळू नका*



भात निसवायला लागलंय, बांधावर खाजकुयलीला जांभळ्या फुलांचे घोसही लागतील. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की आपण काय करतो? काडी लावतो. माझं स्पष्ट मत आहे, ही सवय मोडली पाहिजे.

राग खोटा नाही. सोंगणीला, गवत कापताना लव अंगावर आली की बायामाणसांचा दिवस वाया जातो. पण वाळल्या वेलाला आग लावली की लव वाऱ्यावर उडते, बांधावरची झाडं होरपळतात. आणि तडकलेल्या शेंगांचं बी मातीत आधीच पडलेलं असतं. पुढच्या पावसात वेल परत हजर.

हेच बी म्हणजे कवचबीज. आयुर्वेदात पूर्वीपासून वापरात आहे. कंपवातावर देतात तो एल-डोपा यात असतो. शिवाय वेल वाल-घेवड्याच्या कुळातला, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारा.

*मग करायचं काय?*
▪️ वाट, विहीर, गोठा, शाळेजवळचा वेल आत्ताच, शेंग धरायच्या आत मुळासकट उपटा.
▪️ लांबच्या बांधावरचा राहू द्या. शेंगा वाळल्यावर सकाळी दवात, वारा नसताना काढा. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा पाहिजेच.
▪️ लव लागली तर चोळू नका. चिकटपट्टीनं उचला, मग साबणानं धुवा. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखाना.
▪️ बी कच्चं खाऊ नका, घरच्या घरी औषध म्हणून कुणाला देऊ नका.
▪️ कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या गावांनी ग्रामसभा आणि वनखात्याला विचारूनच गोळा करावं.
▪️ लागवडच करायची तर बिनखाजेचा वाण घ्या. हिरवळीच्या खतालाही चालतो.

आता मुद्द्याचं. एकटीनं अंगाची आग सोसून किलो-दोन किलो बी जमवायचं आणि व्यापारी म्हणेल त्या भावात द्यायचं, हे बरोबर नाही. बी कंपनीनं एकत्र घ्यावं, वाळवून-निवडून विकावं, आणि हातमोजे-चष्मे कंपनीनंच पुरवावेत. हे जमणार नसेल तर गोळा करा असं मी कुणालाच सांगणार नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वालाचं बी जपलं, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. बांधावरच्या वेलाकडं बघायची नजर आपल्याच तालुक्यात आहे.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय मांडतोय. कुणाच्या बांधावर किती वेल आहेत, ते आपल्या गटप्रमुखाला कळवा.

– आपला कृषी सल्लागार, अकोले