कुटुंबाचे आरोग्य : न सांगितलेली गोळी



आमच्या परिचयातील एक मराठी कुटुंब नोकरीच्या निमित्ताने फरिदाबादेस स्थायिक झाले आहे. त्या घरातील गृहिणीस स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. दिल्लीच्या रुग्णालयात उपचार ठरविताना डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दुसरे एखादे औषध चालू आहे काय?" शेजारी सासूबाई बसल्या होत्या. बाईंनी उत्तर दिले, "नाही."

हे उत्तर खरे नव्हते. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्या अपस्मारासाठी, म्हणजे ज्यास आपण फेफरे किंवा फिट म्हणतो त्या विकारासाठी, रोज रात्री फेनिटॉइनची गोळी घेत होत्या. लग्न ठरतेवेळी माहेरच्यांनी ही गोष्ट झाकली आणि पुढे वीस वर्षे ती झाकलेलीच राहिली. पती तेवढे जाणून होते.

एवढीशी गोळी, तिचा कर्करोगाशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो यकृतात आहे.

आपण घेतो त्यांपैकी बरीचशी औषधे यकृतातील विकरे मोडून निकामी करतात. फेनिटॉइन, फिनोबार्बिटल व कार्बामॅझेपिन ही फिटवरील जुनी औषधे त्या विकरांचे प्रमाण वाढवितात. हौदाच्या तळाचे भोक मोठे झाले, म्हणजे रोजच्या तितक्याच घागरी ओतूनही पाणी पूर्वीच्या खुणेपर्यंत चढत नाही. पॅक्लिटॅक्सेल, इरिनोटेकॅन, एटोपोसाइड, व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरील औषधांचे असेच होते. डॉक्टरांनी मात्रा योग्य दिलेली असते, पण शरीरात ती पुरेशी टिकत नाही. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयाने २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या मुलांना अशी फिटची औषधे दीर्घकाळ द्यावी लागली, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले.

परिणाम दुसऱ्या बाजूनेही होतो. सिस्प्लॅटिन दिले असता रक्तातील फेनिटॉइन कमी होऊन फिट येऊ शकते. कॅपेसिटाबीनमुळे तेच फेनिटॉइन वाढते, आणि चक्कर येणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. व्हॅल्प्रोएट हे औषध रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी करू शकते, आणि कर्करोगावरील पुष्कळशी औषधेही तेच करतात. याउलट लेव्हेटिरासिटॅम या नव्या औषधाचा यकृतातील विकरांशी फारसा संबंध येत नाही. म्हणून अशा रुग्णांसाठी डॉक्टर पुष्कळदा त्याचीच निवड करतात.

उपाय आहे, परंतु तो योजण्यासाठी डॉक्टरांस ठाऊक तर हवे! दिल्लीच्या आसपास बहुधा असे घडते की, कर्करोगाचा उपचार राजधानीत, किंवा झज्जर जिल्ह्यातील बाढसा येथे २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत चालतो, आणि फिटच्या गोळ्या मात्र गावाकडील जुन्या चिठ्ठीवर येत राहतात. दोन डॉक्टरांची परस्परांशी गाठ पडत नाही. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे रुग्ण आणि त्याचे कुटुंब.

हा दुवा तुटतो तो लज्जेमुळे. एके काळी कायद्यानेही या लज्जेस बळ दिले होते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास बाधा मानली गेली. संसदेने १९९९ मध्ये तो उल्लेख काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून गेलेला शब्द आपल्या मनातूनही आता जावयास हवा.

तेव्हा रुग्णालयात जाताना घरातील सर्व औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावीत. गोळी घेतल्यावर उलटी झाल्यास तेही सांगावे. मात्र हा लेख वाचून फिटची गोळी आपल्या मनाने कदापि बंद करू नये. ती एकाएकी थांबविल्यास एकापाठोपाठ एक फिट येऊन प्राणावर बेतू शकते. शिवाय यकृताची वाढलेली गती गोळी थांबताच उतरत नाही. त्यास दोन-तीन आठवडे लागतात. औषधाची अदलाबदल डॉक्टरांनीच, क्रमाक्रमाने करावयाची असते.

फरिदाबादच्या त्या बाईंनी औषधाच्या दुसऱ्या फेरीपूर्वी धीर केला आणि सासूबाईंच्या देखत गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन औषध बदलण्याची व्यवस्था केली. घरी परतल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आधी सांगायचे होतेस, सूनबाई. रात्री गोळीची आठवण मीच केली असती."

आपल्या घरातही अशी एखादी न सांगितलेली गोळी नाही ना, हे आज जेवणे आटोपल्यावर प्रेमाने विचारून पाहावे.