बिदागीआधीची अट

सर्जापूर रोड व आसपासच्या परिसरातील मराठी गायक-वादकांस, उत्सव समित्यांस आणि श्रोतृवर्गास जाहीर पत्रक



गेल्या नरकचतुर्दशीस सर्जापूर रोडवरील एका प्रशस्त गृहसंकुलात दिवाळी पहाटेचा कार्यक्रम झाला, आणि त्यास हजर असलेल्या दीडदोनशे मराठी माणसांपैकी मी एक होतो, हे आधी कबूल करून मगच पुढचे लिहितो. कारण ज्या गोष्टीबद्दल आज मी इतरांना जाब विचारणार आहे, ती माझ्या डोळ्यांदेखत घडली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसून चकली मोडीत होतो.

पावणेसहाच्या सुमारास तबलजी रिक्षातून उतरले. एका खांद्याला तबला, दुसऱ्या हातात डग्ग्याची पिशवी, बगलेत घडी केलेला झब्बा. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या फोनमध्ये येणाऱ्या माणसांसाठी पाहुणा, डिलिव्हरी आणि कामगार असे रकाने होते. त्यांपैकी शेवटच्या रकान्यावर त्याने बोट ठेवले, आणि संकुलाच्या दस्तुराप्रमाणे त्यांना मागल्या अंगाच्या सर्व्हिस लिफ्टकडे पिटाळले, जिच्यातून त्याच घटकेला मजल्यामजल्यावरचे कचऱ्याचे डबे खाली येत होते. मुख्य गायक आयोजकांच्या मोटारीतून आले, ते रहिवाशांच्या लिफ्टने वर गेले. तबलजींनी तक्रार केली नाही; डग्गा कचऱ्याच्या पाण्याला लागू नये म्हणून तो तेवढा छातीशी धरला.

कार्यक्रमाच्या अखेरीस चोखोबांचा अभंग झाला. फार सुरेख झाला. त्या वेळी क्लबहाऊसच्या काचेच्या दाराबाहेर एक बाई येऊन उभी राहिली. आमच्याकडच्या चार घरांत ती स्वयंपाक करते, विजापूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्याची, म्हणजे चोखोबांच्या मंगळवेढ्याच्या शेजारची. तिच्या गावाहून पंढरीला दिंडी जाते. अभंगाचे कानडी-मराठी तिला विचारण्याचे कारण नव्हते, विठ्ठलाचे नाव पुरेसे होते. तिने चपला काढल्या, हात जोडले. तेवढ्यात पर्यवेक्षक आला आणि कामगारांनी क्लबहाऊसपाशी थांबायचे नाही, हे नियमावलीतले कलम त्याने तिला ऐकविले. तिने चपला उचलल्या आणि ती गेली. ज्या संताला महाद्वाराच्या आत पाऊल टाकू दिले नाही, ज्याची समाधी आजही त्या द्वाराच्या बाहेर पायरीशी आहे, त्याचा अभंग आत चालला होता. गायकाचे डोळे मिटलेले होते, आणि आमचे उघडे असून काही वेगळे घडले नाही.

संकुलाचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर बाकीच्या संकुलांना हायसे वाटेल, आणि ते त्यांना वाटू नये अशी माझी इच्छा आहे. इब्लूरच्या चौकापासून दोम्मसंद्रापर्यंत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाने आपापल्या संकुलाची नियमावली काढून लिफ्ट, बाग आणि क्लबहाऊस यांविषयीची कलमे एकवार वाचावीत म्हणजे झाले. विधिमंडळाने केलेला कायदा माणसाला वर्षातून एखाद्या वेळी आडवा येतो. संकुलाच्या सर्वसाधारण सभेने हात वर करून केलेला कायदा मोलकरणीला, वाहनचालकाला, माळ्याला दिवसातून दहा वेळा आडवा येतो, आणि त्यावर अपील कोठे करावयाचे हे त्यांना कोणी सांगत नाही.

तर प्रश्न असा, की अशा कायद्याच्या जागी गवयाने गावे काय? माझे उत्तर असे, की त्याने आपली अट घालावी, आणि ती मान्य होईपर्यंत गाऊ नये. सरसकट बहिष्काराचा मात्र मी पुरस्कर्ता नाही.

याचे कारण त्या शब्दाच्या पूर्वेतिहासात आहे. बहिष्कार हा मराठीत दुधारी शब्द आहे. 1905 च्या वंगभंगानंतर टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीस त्याला बसविले, तेव्हा तो दुर्बलाने प्रबळावर उगारलेले शस्त्र होता. परंतु त्याच्या कित्येक शतके आधीपासून तो जातपंचायतीच्या हातातला वरवंटा होता, आणि डॉ. आंबेडकरांनी 3 एप्रिल 1927 रोजी जे पाक्षिक काढले त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवावे लागले, ते याच वरवंट्याखाली चिरडलेल्यांसाठी. गावातल्या गावात हुक्कापाणी बंद करण्याची ही रीत इतकी चिवट निघाली, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 सालचा स्वतंत्र अधिनियम करावा लागला. म्हणून जो कोणी ‘अमुक जागेवर बहिष्कार’ असे म्हणतो, त्याने आपण टिळकांच्या बाजूचे की पंचायतीच्या, हे आधी सांगितले पाहिजे.

चेन्नईच्या मंडळींनी हे दोन्ही बाजूंनी दाखवून दिले आहे. कर्नाटक संगीतातले टी. एम. कृष्णा यांनी मार्गशीर्षातल्या तिथल्या मोठ्या हंगामात यापुढे गाणार नाही असे 2015 साली जाहीर केले, कारण त्या सभागृहांतली जातीची अदृश्य भिंत त्यांना सोसवेना; आणि समुद्रकाठच्या कोळीवाड्यात भरणाऱ्या संगीतोत्सवाच्या पाठीशी ते उभे राहिले. पुढे 2024 साली म्यूझिक अकॅडमीने त्यांनाच ‘संगीत कलानिधी’ सन्मानासाठी निवडले, तेव्हा रंजनी-गायत्री या गायिका भगिनींनी त्या वर्षीच्या अधिवेशनातून अंग काढून घेतले. दोघांनीही केला तो बहिष्कारच. एकाचा दाराबाहेरच्यांसाठी होता, दुसऱ्याचा त्या दाराविषयी बोलणाऱ्याविरुद्ध. माझा कौल कोणीकडे हे निराळे सांगायला नको, परंतु हत्यार तेच असल्यामुळे केवळ हत्यार पाहून निवाडा करता येत नाही, इतके यावरून कळावे.

आपल्या घराण्यांत याचे अधिक जवळचे उदाहरण आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत असता तिथल्या एका समारंभाचे बोलावणे गावातल्या प्रतिष्ठितांबरोबर त्यांना आले आणि गुरूंना आले नाही. विचारता, गवयाला कसले आमंत्रण, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे सांगतात. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. एवढ्यावर ते थांबले असते तर ती रागावलेल्या तरुणाची हकीकत झाली असती. त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, म्हणजे ज्याच्या हातात तिकिटाचे पैसे त्याला बसण्याची मुभा, मग तो कोणाच्या दरबारातला असो वा नसो; आणि 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले ते संस्थानिकाच्या इनामावर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर. आज आपण सहज खुर्ची पकडून गाणे ऐकतो, त्या खुर्चीच्या मुळाशी मिरजेतला तो अपमान आहे, हे आपल्या संकुलातल्या किती जणांना ठाऊक असेल!

आणि अपमान केवळ पुरुषांच्या वाट्याचा नव्हता. 1924 च्या डिसेंबरात बेळगावास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तेथे स्वागतगीत गायल्या. आणि गाताना त्या पोरीच्या मनात धास्ती होती ती सुराची नव्हे, तर गाणे झाल्यावर आपल्याला जेवणाच्या उष्ट्या पत्रावळी उचलायला लावतील की काय, याची. हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. मंच दिला म्हणजे मान दिला असे नव्हे, हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

माझ्या अटीचा नमुना मात्र मी गवयांकडून घेतलेला नाही, साने गुरुजींकडून घेतला आहे. त्यांनी पंढरपुरावर बहिष्कार पुकारला नाही, वारकऱ्यांना वारी थांबवा म्हटले नाही. उलट गावोगाव फिरून, त्याच विठ्ठलाचे नाव घेऊन, 1 मे 1947 रोजी त्याच पंढरपुरात उपोषण आरंभिले, आणि मंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाल्यावरच ते सोडले. जागेशी त्यांचे वैर नव्हते. दाराशी होते.

परदेशातल्या उदाहरणांतही मला टिकाऊ वाटते ते हेच. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे 11 सप्टेंबर 1964 रोजी बीटल्स गायले, ते श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय श्रोते वेगळे बसविणार नाही अशी कबुली मिळाल्यावर; पुढल्या वर्षीच्या करारनाम्यात तर ते कलमच लिहिलेले होते. याउलट उत्तर कॅरोलिनाने 2016 साली तृतीयपंथी नागरिकांना जन्मदाखल्यावरील लिंगाप्रमाणेच सरकारी इमारतींतली स्वच्छतागृहे वापरण्याचा हुकूम करणारा कायदा केला, तेव्हा ब्रूस स्प्रिंगस्टीनने ग्रीन्सबरोचा कार्यक्रम रद्द केला, आणि सिंडी लॉपरने राजधानीतला कार्यक्रम रद्द न करता त्याचे उत्पन्न त्या कायद्याविरुद्ध झगडणाऱ्या संस्थेला दिले. कायद्यातले ते कलम पुढल्या वर्षी मागे घेतले गेले खरे. पण बास्केटबॉलचे सामने आणि कंपन्यांच्या गुंतवणुकी निघून जाऊ लागल्या याचा त्यात वाटा गाण्यापेक्षा मोठा होता, असे माझे मत आहे. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट वेगळी. तेथे वर्णभेद एखाद्या दाराशी नव्हता, सबंध राज्ययंत्रणाच त्या पायावर उभी होती. म्हणून 1974 साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने खेळण्यास नकार देऊन चषक हातचा घालविला, तो उचितच झाला. तरीसुद्धा गायक पॉल सायमन जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या कृष्णवर्णीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून आला आणि 1986 साली ‘ग्रेसलँड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा बहिष्कार मोडल्याबद्दल जे वादळ उठले त्यात एक प्रश्न उरलाच: ज्यांच्यासाठी बहिष्कार, त्यांचीच रोजी त्याने बुडाली तर?

या प्रश्नाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप हाच आहे. कला सर्वांच्या वर असते, तिला कायद्यात ओढू नये, वगैरे आक्षेप मी आक्षेप मानीत नाही. कायदा कलेला विचारून तिच्यात शिरत नाही. महाराष्ट्राने 2005 साली बारमधील नृत्यावर बंदी घातली आणि तारांकित हॉटेले व जिमखाने तेवढे वगळले, म्हणजे तेच नाचणे स्वस्त छपराखाली गुन्हा व महाग छपराखाली करमणूक ठरले. ती बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तो निकाल कायम केला. मुंबईच्या ऑर्केस्ट्रा बारांत चार स्त्रिया आणि चार पुरुष यांहून अधिक कलावंत मंचावर नकोत, ही परवान्यातली अट सर्वोच्च न्यायालयाने 18 फेब्रुवारी 2022 रोजी मोडीत काढली: एकूण आठांची मर्यादा असू द्या, त्यांत स्त्रिया किती हे सरकारने ठरवू नये. त्या गायिकांना बहिष्कार परवडत नव्हता. ज्या मंचावर अन्याय, त्याच मंचावर त्यांची चूल.

आमच्या तबलजींचेही तसेच आहे. गणपती ते दिवाळी हा त्यांचा सुगीचा काळ. एक कार्यक्रम गेला तर मुलाच्या शाळेचा हप्ता जातो. मुख्य गायकाने तत्त्वासाठी नकार द्यावा आणि त्याची झळ साथीदाराला लागावी, हा स्वस्तातला त्याग झाला. म्हणून नकाराचा अधिकार मी ज्याची बिदागी मोठी त्यालाच देतो, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजावी असे म्हणतो: अट नाकारली गेल्यामुळे कार्यक्रम मोडला, तर साथीदारांची ठरलेली रक्कम त्याने पदरची द्यावी. असे दोनचार नावाजलेल्या मंडळींनी केले, तर दुसऱ्या हंगामात समित्या आपण होऊन नियमावली उघडतील. कारण गाणाऱ्याचे नाव छापलेली पत्रके आधीच वाटलेली असतात, आणि या रस्त्यावर इब्लूरला अडकलेल्या दुसऱ्या गायकाला ऐन वेळी बोलावून आणणे ईश्वरालाही जमणारे नाही.

करारनाम्यात घालावयाचा मजकूर मी येथे देतो, तो कोणीही उतरून घ्यावा, हक्क राखून ठेवलेला नाही:

“माझ्या साथीदारांस व मला प्रवेश, लिफ्ट व जेवणाची पंगत एकच असेल, आणि या संकुलात नोकरी अथवा काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीस, तिची इच्छा असल्यास, रहिवाशांच्या बरोबरीने श्रोता म्हणून बसण्यास मज्जाव केला जाणार नाही.”

समित्या म्हणतील, की लिफ्टचा नियम स्वच्छतेसाठी आहे, सुरक्षिततेसाठी आहे. असेल. मग तो सामानाला लावावा, माणसाला लावू नये. सोफा सर्व्हिस लिफ्टने न्यावा, सोफ्यावर बसणाऱ्याचा स्वयंपाक करणारीला नेऊ नये. काही जण म्हणतील, की एवढ्यातेवढ्यासाठी उत्सवात विघ्न कशाला आणता. त्यांना एवढेच सांगतो, की विघ्न आधीच आलेले आहे, आपण त्याला नियमावलीत बसवून ठेवले आहे.

श्रोत्यांना माझी विनंती याहून लहान आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही लौकरच दारोदार फिरेल. तिच्यावर आकडा घालण्यापूर्वी, वही घेऊन आलेल्या गृहस्थांना नम्रपणे विचारा, की यंदा तबलजी कोणत्या लिफ्टने येणार आहेत, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच ठेवा.

सर्जापूर रोड, बेंगळूरु
एक श्रोता