वापरणारे अनेक, ठरवणारे कोण?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर कुलपे दिसू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. तेथे ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ केवळ हत्यार असा नसतो; पती-पत्नीची जोडी म्हणजे एक कोयता. असे अनेक कोयते मिळून टोळी होते. कोणी ऊस तोडतो, कोणी पाचट काढतो, कोणी मोळी बांधतो. प्रत्येकाची पात ठरलेली असते, पण गाडी सर्वांनी मिळून भरायची असते. एक जोडी मागे पडली की सगळी टोळी खोळंबते. शिरूर कासारची टोळी कोल्हापूरच्या फडात उतरली तरी कामाची रीत कोणाला नव्याने सांगावी लागत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक असते.

या कष्टांचे कौतुक करून त्यामागील वेदना झाकण्याचा हेतू नाही. स्थलांतरापायी ज्या मुलांची शाळा सुटते, त्यांचे ऋण समाजावर आहेच. परंतु आजच्या महासंगणकांचे मर्म सामान्य वाचकाला समजावून सांगायचे, तर या टोळीसारखे उदाहरण नाही. महासंगणक म्हणजे एखादे अचाट यंत्र नव्हे. ती हजारो साध्या प्रोसेसरांची टोळी असते. काम वाटून देणे, निरोप पोहोचवणे, मागे पडलेल्याचा भार हलका करणे आणि शेवटी सर्वांचे उत्तर एकत्र आणणे, याला समांतर संगणन म्हणतात. आणि जी रीत सर्वांना ठाऊक असते, ती म्हणजे मानक.

या मानकाचा इतिहास उद्बोधक आहे. नव्वदीच्या आरंभी प्रत्येक यंत्रनिर्मात्याची निरोप पाठवण्याची पद्धत निराळी होती. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. १९९२ साली अमेरिकेत संशोधक व यंत्रनिर्माते एकत्र आले आणि १९९४ मध्ये ‘एमपीआय’ हे समाईक मानक सिद्ध झाले. त्यात सुमारे ४० संस्थांचे ६० जण सहभागी होते, बहुतेक अमेरिका व युरोपमधील.

त्या वेळी आपण मागासलेले होतो काय? मुळीच नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. प्रगत महासंगणक देण्यास पाश्चात्त्य देश का-कू करीत असताना दिलेले ते कर्तृत्वाचे उत्तर होते. पण तो ज्या ट्रान्सप्युटर जातीच्या चिपांवर बेतलेला होता, त्या पुढे कालबाह्य झाल्या. १९९८ च्या ‘परम १००००’ साठी सी-डॅकने एमपीआय मानक स्वीकारले आणि त्यानुसार चालणारी प्रणाली स्वतः लिहिली. मानक समाईक, बांधणी स्वतःची, हा मार्ग शहाणपणाचा होता. स्वावलंबन म्हणजे जगापासून तुटलेली वेगळी चूल नव्हे. मात्र ते मानक घडत असताना त्या बैठकीत आपला आवाज नगण्य होता, हेही विसरता कामा नये.

याच विषयातील दुसरे नाव डॉ. लक्ष्मीकांत काळे यांचे. बनारस हिंदू विश्वविद्यालय व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे शिकलेले काळे पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया एकाच घटकात बांधलेल्या असतात. काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘चार्म प्लस प्लस’ ही प्रणाली मांडली. तिच्यात असे असंख्य स्वतंत्र घटक परस्परांना निरोप पाठवतात आणि एखाद्या प्रोसेसरवर भार वाढला की प्रणाली स्वतःच काही घटक दुसरीकडे हलवते. तिच्यावर आधारलेल्या ‘नॅमडी’ या जैवरेणूंच्या अभ्यासाच्या प्रोग्रॅमला २००२ मध्ये गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. करोना विषाणूच्या काट्यांच्या हालचालींचा जो अभ्यास २०२० मध्ये गौरवला गेला, त्यातही नॅमडीचा उपयोग झाला होता.

तरीही ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचे समाईक मानक आजवर नीटसे रुजलेले नाही. १९९७ च्या एमपीआय आवृत्तीत सी प्लस प्लस भाषेसाठी स्वतंत्र भाग घातला गेला. पण त्याचा वेगळा लाभ फारसा नव्हता व वापरणारेही थोडे होते. २०१२ मध्ये तो काढून टाकण्यात आला. हा निर्णय कोणी केला? बैठकांना नियमित येणाऱ्यांनी. तेथे मतदानाचा अधिकारच सभांना हजर राहणाऱ्या संस्थांना असतो. त्यात कपट नाही. जो येतो तो ठरवतो, जो येत नाही तो निमूटपणे वापरतो.

न येण्याची किंमत काय असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. भारतीय मानकाच्याच आधारे देवनागरीला तीत स्थान मिळाले. पण मराठीत आपण लिहितो तो ‘ॲ’ त्यात नव्हता. तो २००८ मध्ये समाविष्ट झाला. एका अक्षरासाठी सतरा वर्षे!

आज परिस्थिती अनुकूल आहे. २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. त्यातील पहिला संगणक ‘परम शिवाय’ २०१९ मध्ये वाराणसीला, काळे जेथे शिकले त्याच परिसरात बसला. यंत्रे आली, आता माणसे हवीत. मानकाचे मसुदे विनामूल्य उपलब्ध असतात. अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यातील एखादे प्रकरण तपासू शकतो, चुका कळवू शकतो. पुण्यातील कंपन्यांनी आपल्या एकेका कुशल अभियंत्याला वर्षातील काही दिवस या कामासाठी मोकळे करावे. विद्यापीठांनी अशा योगदानाला शोधनिबंधाइतकाच मान द्यावा.

आणि पालकांनीही विचार करावा. मुलाला किती पगार मिळतो, एवढेच न विचारता तो काय घडवतो आहे, हेही विचारावे. मानकाच्या कामात ना भरघोस वेतन, ना वृत्तपत्रात छायाचित्र. एका शब्दाच्या अर्थावर महिनोन्महिने वाद घालण्याचा धीर मात्र लागतो.

बीडच्या माणसाला धीर शिकवावा लागत नाही. ज्या घरातील आई-वडिलांनी दुसऱ्याच्या फडात कोयता चालवला, त्या घरातील मुलगी उद्या जगाच्या टोळीची रीत ठरवणाऱ्या बैठकीत बसावी. त्यासाठी आधी तिची शाळा सुटता कामा नये. आपले काम तेथूनच सुरू होते.