मालकी चार टक्क्यांची, लढाई सत्तर हजार कोटींशी

मुंबई - 'झी टीव्ही' ही वाहिनी १९९२ मध्ये सुरू झाली, तर १९९९ मध्ये 'अल्फा'च्या रूपाने मराठी प्रेक्षक या समूहाशी जोडला गेला. आज 'झी एंटरटेनमेंट'समोर प्रेक्षकसंख्येइतकाच मालकीचा प्रश्न उभा आहे.

या प्रश्नाचे मूळ २०१९ मध्ये आहे. सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने 'झी'चे समभाग तारण ठेवून पायाभूत सुविधांसारख्या उद्योगांसाठी कर्जे उभारली होती. त्या वर्षी जानेवारीत समभाग कोसळला आणि कर्जफेडीसाठी हिस्सा विकावा लागला. प्रवर्तकांचा ४० टक्क्यांहून अधिक असलेला वाटा सुमारे ४ टक्क्यांवर आला. कारभार मात्र कुटुंबाकडेच राहिला.

या विसंगतीची किंमत पुढे मोजावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये 'सोनी'शी विलीनीकरणाचा करार झाला. परंतु जून २०२३ मध्ये 'सेबी'ने सुभाष चंद्र आणि पुनीत गोएंका यांना संचालकपदे भूषविण्यास मनाई केली. ऑक्टोबरमध्ये अपिलीय लवादाने तो आदेश रद्द केला, तरी नव्या कंपनीचे नेतृत्व कोणाकडे, हा वाद मिटला नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'सोनी'ने करार मोडला.

याच काळात स्पर्धकाचे बळ मात्र वाढले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतीय व्यवसायांचे विलीनीकरण पूर्ण झाले. सुमारे ७०,३५२ कोटी रुपये मूल्याच्या या कंपनीत रिलायन्सने ११,५०० कोटी रुपये ओतले. आयपीएलचे दूरचित्रवाणी आणि डिजिटल असे दोन्ही हक्क तिच्याकडे एकवटले. साहजिकच जाहिरातदारांशी घासाघीस करताना तिचे पारडे जड राहणार.

अशा स्पर्धेत टिकण्यासाठी भांडवल हवे. प्रवर्तकांनी २,२३७ कोटी रुपये गुंतवून आपला हिस्सा १८.४ टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. जुलै २०२५ मध्ये त्याच्या बाजूने ५९.५ टक्के मते पडली; आवश्यक होती ७५ टक्के. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये गोएंका यांची संचालकपदी फेरनियुक्तीही भागधारकांनी नाकारली होती.

या दोन्ही मतदानांचा अर्थ उघड आहे. कंपनीत येणाऱ्या पैशाला भागधारकांचा विरोध असण्याचे कारण नाही. तो कोणाच्या हाती सत्ता देणार, याविषयी त्यांच्यातील मोठा गट साशंक आहे. त्यामुळे नव्या मालिका आणि 'झी ५'वरील खर्च यांइतकेच महत्त्व स्वतंत्र संचालक मंडळाला आहे. भांडवल उभारण्याआधी 'झी'ला भागधारकांचा विश्वास उभारावा लागेल.