रंगीत नकाशांच्या नावानं चांगभलं!

माझ्या मामाची शेती महाडच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. शेती म्हणजे काय, तर भाताची सात-आठ खाचरं, पायऱ्यांसारखी एकाखाली एक, आणि वर थोडं वरकस. मागे गेलो होतो तेव्हा मामाने त्याची जमीन आरोग्य पत्रिका पुढ्यात टाकली. ("तू ते कॉम्प्युटरमधलं करतोस ना, मग हे वाच.") शेजारच्या अण्णांची पत्रिकाही तिथेच होती. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. सामू तोच, सेंद्रिय कर्ब तोच, जस्त तेच. दशांशचिन्हानंतरचे दोन आकडेसुद्धा तेच!

मामा म्हणाला, "अरे, माझं सगळ्यात खालचं खाचर लावणीनंतर वीस दिवसांनी तांबूस पडतं. दर वर्षी. अण्णांचं नाही पडत. मग दोघांची माती एकच कशी?"

उत्तर मला माहीत होतं, आणि तीच लाजिरवाणी गोष्ट होती. पण ते नंतर.

आधी या पत्रिकेबद्दल. केंद्राची ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगढला सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कल्पना उत्तमच आहे. मेख आहे नमुन्यात. पहिल्या फेऱ्यांचा नियम असा होता की बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. त्या चौकोनात जेवढे शेतकरी, त्या सगळ्यांना त्याच आकड्यांची पत्रिका. पहिल्या फेरीत साधारण अडीच कोटी नमुने झाले आणि पत्रिका निघाल्या दहा कोटींच्या वर. म्हणजे एका नमुन्यामागे सरासरी चार घरं. यात कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाहीये, नियमच तसा होता.

आता कोकणातलं भात पावसावरचं, म्हणजे दहा हेक्टरचा चौकोन. त्याची एक बाजू साधारण ३१६ मीटर. महाड-पोलादपूरकडे ३१६ मीटर चालून बघा एकदा! वर मुरमाड वरकस असतं आणि खाली ओढ्याकाठचं चिकण खाचर, ज्यात चार महिने पाणी हलत नाही. या दोघांची "सरासरी माती" कुठल्याच जागेवर अस्तित्वात नसते. सरासरी सव्वा फूट खोलीच्या नदीत माणूस बुडतो तो असा.

हे झालं सरकारचं. खरा राग मला आपल्या जमातीवर आहे. हो, तुम्ही-आम्ही, लॅपटॉपवाले.

काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टमध्ये मी असाच सुपीकतेचा नकाशा बनवला होता. डेटा म्हणजे काय, तर तालुकाभर विखुरलेले ठिपके. ठिपके दाखवले तर नकाशा भिकार दिसतो, क्लायंटला आवडत नाही. मग मी सगळेजण करतात तेच केलं. जवळच्या ठिपक्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, असं करून मधली सगळी जागा भरून काढली. तीस मीटरचा पिक्सेल, लालपासून हिरव्यापर्यंत मुलायम रंग. डेमोला टाळ्या पडल्या. मीही खूश. एका गावात तर दीड किलोमीटरच्या आत एकही नमुना नव्हता, पण स्क्रीनवर ते गाव बाकीच्यांइतकंच आत्मविश्वासाने हिरवं होतं. झूम केलं की प्रत्येक बांध वेगळा दिसायचा, जणू आम्ही प्रत्येक बांधावर जाऊन आलोय!

वाईट याचं वाटतं की यावरचा उपाय आपल्या विषयात फार आधीपासून आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग नावाच्या इंजिनियरला हाच प्रश्न पडला होता: चार ठिकाणी भोकं पाडलीत, मधल्या खडकात सोनं किती? त्याच्या कामावरून फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉनने १९६०च्या दशकात जे गणित उभं केलं त्याला आज क्रिगिंग म्हणतात. ते दोन आकडे देतं, एक अंदाज आणि दुसरा त्या अंदाजातली चूक किती असू शकते ते. म्हणजे एक नाही, दोन नकाशे निघतात. दुसरा नकाशा तुम्ही कुठल्या शेतकरी ॲपमध्ये बघितलाय? मी तरी नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये त्याची फाइल तयार होती, आणि ती स्क्रीनवर कधीच आली नाही. "युजर कन्फ्यूज होईल" म्हणून.

त्यात भर आपल्या लाडक्या इफ-एल्सची. जस्ताची रेषा साधारण ०.६ पीपीएमला मारतात. ०.५८ आलं की लाल, ०.६२ आलं की हिरवं. त्याच शेतात दहा पावलं सरकून खड्डा घेतला तर यापेक्षा जास्त फरक पडेल.

बरं, समजा प्रत्येक खाचराचा वेगळा नमुना घेतला. तरी भाताच्या बाबतीत एक भानगड उरतेच. नमुना घ्यायची रीत अशी: पीक निघाल्यावर, खत घालण्याआधी, आठ-दहा जागी इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा करायचा, पंधरा सेंटीमीटरपर्यंतची माती घ्यायची, मिसळून चार भाग करत करत अर्ध्या किलोवर आणायची, सावलीत वाळवायची. प्रयोगशाळा तपासते ती ही वाळलेली, चाळलेली माती. पण भात वाढतं चिखलात! पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो आणि सगळी केमिस्ट्री उलटीपालटी होते. लोहाचं रूप बदलतं, त्याने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो. आंबट जमिनीचा सामू हळूहळू सातच्या जवळ सरकतो. आणि जस्त मात्र मुळांना मिळेनासं होतं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नंपेरुमा यांनी हे सगळं तपशिलात मांडलं त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. आपल्याकडे तराईत भात तांबूस-तपकिरी पडायचं, त्याला 'खैरा' म्हणत. तो रोग नसून जस्ताची कमतरता आहे हे पंतनगरला य. ल. नेने यांनी १९६६च्या सुमारास दाखवलं. म्हणजे उन्हाळ्यात 'पुरेसं' दिसणारं जस्त श्रावणात अपुरं पडू शकतं. (मामाच्या खाचराचं हेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. तांबूस पडायला लोहाचा अतिरेकही पुरतो. पण हिरव्या रंगाने तो प्रश्नच बंद करून टाकला होता, हे माझं दुखणं.)

ऑफिसात हे सगळं सांगत होतो तर गुंटूरचा एक सहकारी हसायला लागला. त्यांच्याकडे खरिपाचं भात कापलं की त्याच शेतात, न नांगरता, रब्बीचा मका टोकतात. शेत तेच, पत्रिका तीच. पण मक्याला साचलेलं पाणी चालत नाही, त्याला मोकळी हवा खेळणारी माती लागते. शेतातलं पाणी निघालं की भातासाठी सुटलेला स्फुरद पुन्हा लोहाला चिकटून बसतो. जून ते नोव्हेंबर ज्या मातीत स्फुरदाची ददात नव्हती, तीच माती डिसेंबरात मक्याला उपाशी ठेवू शकते. शिवाय जस्त कमी पडलं की मका लगेच बोंब मारतो, कोवळ्या पोंग्याची पानं पांढुरकी पडतात. आता सांगा, त्या शेताला नकाशावर कुठला रंग देणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "काहीच नसण्यापेक्षा बरं ना!" मला हे पटत नाही. जिल्ह्यात गंधकाची खतं किती मागवायची, कुठल्या पट्ट्यात जस्ताची बोंब आहे, हे ठरवायला सरासरी चालते, छान चालते. म्हणून मी योजनेला मोडीत काढत नाहीये. २०१९-२० मध्ये तालुक्यातलं एकेक गाव घेऊन खातेदारनिहाय नमुने घ्यायचा प्रयोग झाला, आता नमुन्यासोबत अक्षांश-रेखांशही नोंदवतात. दिशा बरोबर आहे. पण एका शेतकऱ्याला, एका बांधाच्या आत, दोन दशांश आकड्यांत सल्ला द्यायचा आणि तो आकडा तीनशे मीटर लांबचा आहे हे लपवायचं, याला "काहीतरी" नाही म्हणत. काहीच नसतं तेव्हा माणूस निदान पानाकडे बघतो.

माझं मागणं फार मोठं नाही. नकाशावर ठिपके दाखवा. "तुमच्यापासून सर्वात जवळचा नमुना इतके मीटर, अमुक वर्षीचा" हे पहिल्या ओळीत लिहा. जिथे माहीत नाही तिथे राखाडी ठेवा. दोन दिवसांचं काम आहे हो, एका स्प्रिंटमध्ये उरकेल!

आणि स्वस्त गोष्टींना कमी लेखू नका. नत्रासाठी पानांच्या रंगाची पट्टी असते, प्लॅस्टिकची. वरचं पूर्ण उघडलेलं पान आपल्या सावलीत धरून जुळवायचं, बस्स. फिलिपिन्समध्ये तर त्याहून भारी काढलंय: शेतातलीच माती सात कुंड्यांत भरायची, तिच्यात चिखल करून रोपं लावायची. एका कुंडीत सगळी अन्नद्रव्यं, बाकीच्या प्रत्येकीत एकेक वगळून. जी कुंडी खुरटली, ते कमी. यात माती ओलीच राहते आणि जाब रोपालाच विचारता येतो.

मामाला हे सांगितलं. सात कुंड्यांचा व्याप नको म्हणाला. तळच्या खाचराची माती, चार जुन्या बादल्या, अंगणात. सगळ्यांना युरिया, पोटॅश आणि सिंगल सुपर फॉस्फेट (म्हणजे गंधकही सगळीकडे गेलं, नाहीतर झिंक सल्फेटमधल्या गंधकाचं श्रेय जस्ताला मिळायचं). दोन बादल्यांत वर झिंक सल्फेट, दोनांत नाही. मामीने प्रत्येक बादलीवर खडूने खूण केली होती, ती पहिल्याच सरीत धुऊन गेली, मग चिंध्या बांधल्या.

आज सतरावा दिवस. मामाने फोटो पाठवलाय, पण संध्याकाळच्या उजेडात सगळीच रोपं तांबूस दिसतायत. उद्या सकाळी दहाला परत काढायला सांगितलाय.