हैदराबादचा धडा

युरोपातील शाळा आपले विद्यार्थी परस्परांच्या देशांत पाठवून मानवी हक्क आणि स्थलांतर यांवर विचारविनिमय घडवून आणतात. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र हा विषय युरोपचाच, असा समज आपल्या शाळांनी करून घेऊ नये.

१९३८ साली निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. शिक्षणासाठी त्यांना संस्थानाची सीमा ओलांडावी लागली. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला. त्याच्या सव्विसाव्या कलमात शिक्षणाचा हक्क आला. नागपूरने दहा वर्षे आधीच तो मानला होता.

त्याच हैदराबादेत आज म्यानमारमधून परागंदा झालेली रोहिंग्या कुटुंबे राहतात. त्यांच्या वास्तव्याचा निर्णय सरकारने कायद्याने करावा. तोवर त्यांच्या मुलांची पाटी कोरी राहू नये. पोर्तुगीज पारपत्रावर युरोप गाठणारे आमचे गोमंतकीय तेथे आपल्या मुलांसाठी शाळेची अपेक्षा बाळगतातच ना? मग परक्याच्या मुलाला आपल्या देशात निराळा न्याय लावता येणार नाही, असे आम्हांस वाटते.